तुम्ही विचारलंत म्हणून: भूगोलात मुलांना शिकवायचं तरी काय?

सहावी ते आठवीच्या भूगोलात मुलांनी नेमकं काय शिकावं, आणि मोबाईलवर सगळं जग दिसत असताना ते शिकायचंच कशाला, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच नीट लिहून टाकते. बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, "राजधान्या आणि नद्या पाठ करून कोणाचं भलं झालंय?", आणि मी मान डोलवावी एवढीच अपेक्षा असते. बरीच वर्षं डोलवली मी. आता डोलवत नाही, पण त्याच्या अगदी उलटही बोलत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं बाई सरळ उत्तर देत नाहीत.

सरळ उत्तर हवं असेल तर, नकाशा वाचता यायला हवा. हे मला कळलं तेव्हा मला शिकवायला लागून तेरा वर्षं झाली होती.

सातवीची क्षेत्रभेट होती. अठ्ठावीस मुलं, आम्ही तीन शिक्षक, आणि माझ्या हातात 1:50,000 चा टोपोशीट, जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा. म्हणजे कागदावरचे 2 सेंमी म्हणजे जमिनीवरचा 1 किमी, आणि शेजारच्या दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांमध्ये, 20 मीटर उंचीचा फरक. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलेलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. डोंगरावर पोचायलाच उशीर झाला, वर मुलं रमली, उतरायची ठरलेली वाट लांबून वळसा घेऊन जाणारी, आणि ऊन कलायला लागलेलं. मी नकाशा उघडला, बोटाने मापलं, समोरून सरळ खाली उतरलं तर जेमतेम 3 सेंमी. दीड किलोमीटर, अर्ध्या-पाऊण तासात खाली. एक मुलगी माझ्या हाताखालून नकाशात बघत होती, ती म्हणाली, "बाई, इथे रेषा एकदम चिकटल्यात. म्हणजे तीव्र उतार ना?"

मी म्हणाले, "ते परीक्षेत लिही, आत्ता चल."

हे वाक्य मी खरंच बोलले, सगळ्या वर्गासमोर. मुलं हसली, ती गप्प झाली, आणि आम्ही निघालो. पहिला किलोमीटर काहीच झालं नाही. मग घसारा सुरू झाला, पाय ठेवला की दगड सुटून खालच्या मुलांकडे जायचे, म्हणून एकेकाला बसवून उतरवायचं, तो बाजूला झाला की पुढचा. अंधार पडला. टॉर्च दोनच. शेवटचा अर्धा किलोमीटर उतरायला अडीच तासांहून जास्त वेळ लागला, आणि त्यातच एक मुलगा घसरून हातावर पडला. मनगट मोडलं. तो ओरडला नाही, नुसता हात धरून बसून राहिला.

रात्री दवाखान्यातल्या बाकावर बसून मी पेन्सिलीने त्या रेषा मोजल्या. शेवटच्या एका सेंटिमीटरमध्ये पंधरा. म्हणजे 500 मीटर अंतरात जवळपास 300 मीटर उतार. सगळं कागदावर लिहिलेलं होतं. बारा वर्षांच्या मुलीने ते वाचलं होतं आणि मी वाचलं नव्हतं, मला फक्त व्याख्या येत होती.

मी स्वतःची बाजूही मांडते, कारण नंतर मला फार बोलून घेतलं लोकांनी. मला कोणी नकाशा हातात देऊन डोंगर दाखवलाच नव्हता. शाळेत नाही, कॉलेजात नाही, शिक्षक होताना तर नाहीच. समोच्च रेषा म्हणजे समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा, दोन मार्क, पुढचा प्रश्न. जे मला मिळालं तेच मी पुढे दिलं. पण ती मुलगीही तेच पुस्तक वाचून आली होती, त्यामुळे ही बाजू फार वेळ टिकत नाही, मलाही माहितीये.

त्यानंतर मी शिकवत असलेली एकेक गोष्ट तपासायला लागले, हे मुलांना कळलंय की नुसतं येतंय? ऋतूंचंच घ्या. पृथ्वीचा आस 23.5 अंशांनी कललेला आहे हे सगळी मुलं लिहितात, आणि तरी मनातून त्यांची खात्री असते की सूर्य जवळ आला की उन्हाळा. त्यांना सांगायचं की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण 14.7 कोटी किमीवर, आणि जुलैमध्ये 15.2 कोटींवर, आणि मग गप्प बसायचं. जानेवारीत तर उत्तर गोलार्धात हिवाळा! तो गोंधळ होऊ द्यायचा, मग पृथ्वीगोल आणि टॉर्च काढायचा, तिरपा प्रकाश जास्त जागेवर पसरून कसा फिका पडतो ते बघू द्यायचं. दोन तास जातात यात. जाऊ देत.

आणि मोबाईलचं म्हणाल तर, मोबाईल तुम्ही कुठे आहात ते सांगतो, नकाशा खोटं कुठे बोलतोय ते सांगत नाही. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने 1569 मध्ये जहाजांना दिशा धरता यावी म्हणून जो नकाशा केला, त्याचीच रीत आजही बऱ्याच ऑनलाईन नकाशांमध्ये आहे, आणि त्यात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. आयुष्यभर स्क्रीनवर नकाशे बघणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगायलाच हवं.

आता माझी दुसरी चूक, हिच्याबद्दल कोणी विचारत नाही. त्या अपघातानंतर मी पार उलट्या टोकाला गेले. नावं पाठ करणं बंद, फक्त "का" आणि "कसं". तेव्हाची मी आत्ता समोर आले तर माझ्याशीच भांडेन. दोन वर्षांनी मध्य आशियातला अरल समुद्र शिकवत होते. 1960 च्या सुमाराला सुमारे 68,000 चौ. किमीचं, जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर, त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं आणि ते आटत गेलं, 2005 मध्ये उत्तरेकडे धरण झालं आणि तेवढ्या भागात पाणी परत चढलं. मुलांनी कारणं मस्त सांगितली. मग म्हटलं, भिंतीवरच्या नकाशात दाखवा. एकालाही येईना. एकाने बोट ठेवलं ते आफ्रिकेत. शेजारी कोणते देश, खरा समुद्र तिथून किती लांब, यातलं काहीच डोक्यात नव्हतं, मग ते पाणी परत आणणं इतकं अवघड का हे त्यांना कळणार तरी कसं?

पण नुसत्या नावांचं काय होतं तेही मीच केलंय. अरल आटून तुकडे झाले तरी मी कित्येक वर्षं "जगातलं चौथं मोठं सरोवर कोणतं" याला "अरल" असं लिहिलेल्यांना बरोबरची खूण देत होते.

म्हणून आता मी दोन्ही घेते, आणि दोन्हीला तास पुरत नाहीत. मग वगळायचं काय, हे मला विचारू नका, दरवर्षी वेगळं काहीतरी वगळते आणि दरवर्षी वाटतं की चुकलं.

त्या मुलीला मी सॉरी म्हटलं. पण तास संपल्यावर, एकटीला गाठून. गप्प मात्र सगळ्यांसमोर केलं होतं. वार्षिक परीक्षेत तिने समोच्च रेषेची व्याख्या शब्दन् शब्द लिहिली, मी दोनपैकी दोन दिले, आणि उरलेल्या वर्षात तिने वर्गात एकदाही हात वर केला नाही.

आता माझ्या पेपरात व्याख्येऐवजी समोच्च रेषांचा एक तुकडा असतो, दोन वाटा आखलेल्या, आणि प्रश्न, लहान मुलांना घेऊन तुम्ही कोणत्या वाटेने उतराल आणि का? यंदा एकाने सरळ खाली जाणारी वाट निवडलीये. कारण लिहिलंय, "अंतर कमी आहे, अंधार पडायच्या आत पोचू." तो पेपर चार दिवस झाले टेबलावर पडून आहे, किती मार्क द्यावेत ते मला ठरवता येत नाहीये.