तुम्ही विचारलंत म्हणून: मिठाच्या पाण्यात द्राक्षं धुतली की औषध जातं का?

बाजारात द्राक्षं आली की हा प्रश्न मला हमखास येतो. शेतमालात कीटकनाशकांचे अंश किती उरलेत हे तपासणाऱ्या लॅबमध्ये मी काम करते, हे नात्यात आणि सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, मिठाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली की औषध निघून जातं ना?" विचारणाऱ्याला "हो" ऐकायचं असतं. मी "थोडंफार" म्हणते आणि मग समोरच्याची जिलबी गार होईस्तोवर बोलत राहते. तेच इथे जरा सलग लिहिते.

आधी एक गैरसमज. मण्यांवरचा पांढुरका थर म्हणजे औषध नव्हे. ते मेण आहे, वेलीनं आतलं पाणी टिकवायला स्वतःच तयार केलेलं. हा थर शाबूत असलेला घड कमी हाताळलेला असतो. लोक नेमका तोच खसाखसा चोळतात.

आता औषधं. काही स्पर्शजन्य असतात, म्हणजे पानावर-मण्यावर बसून राहतात. डाऊनी (केवडा) रोगासाठी मारतात ते मॅन्कोझेब त्यातलं. काही आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शिरून रसाबरोबर फिरतात, जसं इमिडाक्लोप्रिड. पहिल्या जातीचं औषध पाण्यानं बरंच निघतं. दुसरं एकदा आत गेलं की बाहेरून काहीही करा.

अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्रानं 2000 साली फळं-भाज्या नळाखाली धुऊन पाहिल्या. 12 पैकी 9 औषधांचं प्रमाण घटलं. क्लोरपायरीफॉस, बायफेन्थ्रिन आणि विनक्लोझोलिन मात्र जागचे हलले नाहीत. गंमत म्हणजे जे पाण्यात जास्त विरघळतं तेच जास्त निघतं, असंही दिसलं नाही. 2017 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर खायचा सोडा वापरून पाहिला. सोड्याच्या पाण्यात थायाबेंडाझोल 12 मिनिटांत 80 टक्के आणि फॉस्मेट 15 मिनिटांत 96 टक्के गेलं, कारण आम्लारी पाण्यात ही दोन्ही रसायनं मोडतात. पण थायाबेंडाझोलचा सुमारे 20 टक्के भाग सालीतून आत मुरला होता आणि तिथवर सोडा पोचलाच नाही. मिठाचंही असंच. वरवरची काही औषधं त्यानं सुटतात, आत मुरलेल्याला मिठाचा पत्ताही लागत नाही.

खरी सफाई होते ती वेलीवर. ऊन, हवा आणि मुख्य म्हणजे वेलीची स्वतःची विकरं (एन्झाइम) औषध मोडत असतात. आपल्या यकृतात परक्या रसायनाचं जे होतं, साधारण तेच पानातही होतं. आधी रेणूला कुठेतरी ऑक्सिजन जोडून पकड तयार करायची, मग त्या जागी साखरेचा किंवा ग्लुटाथायोन नावाच्या छोट्या रेणूचा तुकडा चिकटवून तो निरुपद्रवी करायचा. फरक इतकाच की आपण तो लघवीवाटे बाहेर टाकतो. वेलीला ती सोय नाही, म्हणून ती पेशीतल्या पोकळीत कोंडून ठेवते. या सगळ्याला दिवस लागतात. म्हणूनच शेवटची फवारणी आणि काढणी यांत अमुक दिवस ठेवा, असं औषधागणिक ठरलेलं असतं. शेतकरी त्याला पीएचआय म्हणतात. तो पाळला असेल तर तुमच्या मिठाला फारसं काम उरत नाही, आणि पाळला नसेल तर मीठ काही करू शकत नाही.

लॅबमध्ये आम्ही द्राक्षं धूत नाही, हे ऐकून लोक चमकतात. देठ काढायचे आणि मणी सालीसकट वाटायचे. त्यातला 10 ग्रॅम लगदा नळीत घ्यायचा, पाणी शोषायला सोडियम सल्फेट घालायचं, 10 मिलिलिटर इथाइल अॅसिटेट हे द्रावक ओतायचं, घुसळायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वर जो स्वच्छ थर येतो त्यात औषधं उतरलेली असतात. यंत्र त्यातला एकेक रेणू वजनावरून ओळखतं, तो फोडतं आणि तुकड्यांचीही वजनं जुळतात का ते पाहतं. बऱ्याच औषधांसाठी किलोमागे 0.01 मिलिग्रॅमपर्यंत बघावं लागतं. म्हणजे 10 टन द्राक्षं भरलेल्या ट्रकमध्ये सगळं मिळून 0.1 ग्रॅम. शेकडो औषधं एका फेरीत दिसतात. पण ज्याचं नाव यादीत नाही ते दिसत नाही, आणि हा धडा महाराष्ट्राच्या द्राक्षाला फार महाग पडला.

ते साल 2010. आपली द्राक्षं तपासून, दाखला घेऊन युरोपात पोचली आणि तिथे त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागायतदारांच्या भाषेत सीसीसी. युरोपची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, भाव कोसळले. सीसीसी म्हणजे कीटकनाशक नव्हे, वाढ आवरणारं संजीवक. एप्रिलच्या छाटणीनंतर फुटी फार पळू नयेत आणि काडीत घड तयार व्हावेत म्हणून ते मारत. आपल्या निर्यात तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. शिवाय त्या रेणूवर धन भार असतो, त्याचा सगळा ओढा पाण्याकडे. वर सांगितलेल्या इथाइल अॅसिटेटमध्ये तो येतच नाही, त्याच्यासाठी वेगळी पद्धत लागते. आणि कळस म्हणजे ते लाकडात साठून राहतं. एप्रिलमध्ये मारलेलं पुढच्या फेब्रुवारीच्या मण्यात उतरतं. शेतकऱ्यानं फळावर थेंब मारलेला नसतो, लॅबचा रिपोर्ट खरा असतो आणि तरीही माल फेल. तेव्हापासून "सगळं तपासलं ना?" असं कुणी विचारलं की मी "यादीतलं सगळं" असं उत्तर देते. लोकांना तो फाजील काटेकोरपणा वाटतो.

यापुढचा प्रश्न शिकलेली मुलं विचारतात. जिवाणू सोडून हे खाऊन टाकता येणार नाही का? येतं, आणि ही कल्पना आजची नाही. 1970 च्या सुमारास फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत असं लक्षात आलं की भातखाचरात डायझिनॉन हे कीटकनाशक पुन्हा पुन्हा टाकलं की ते लवकर नाहीसं होतं. एन. सेतुनाथन आणि योशिदा यांनी त्या पाण्यातून एक फ्लेव्होबॅक्टेरियम वेगळा केला. तो डायझिनॉनच नव्हे, तर पॅराथिऑनही तोडत होता. 1973 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि त्या जिवाणूच्या विकरावर अजून काम चालू आहे. आपल्याकडे पुण्याजवळ मांजरी इथे असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी द्राक्षवेलीवरच राहणारे बॅसिलस सबटिलिस जिवाणू निवडले आणि ते प्रोफेनोफॉस, कार्बेन्डाझिम ही औषधं मोडतात हे दाखवलं. मला हे काम आवडतं, कारण त्यांनी बाहेरून पाहुणा आणला नाही. परका जिवाणू काचेच्या चंचूपात्रात पराक्रम गाजवतो आणि बागेत गेला की उन्हानं आणि स्थानिक जिवाणूंच्या गर्दीत मरतो. पण दुकानात "रेसिड्यू उतरवणारं" म्हणून जे काही मिळतं ते सगळं या कामाच्या बरोबरीचं आहे असं समजू नका. बाटलीवर लिहिलेलं आणि नळीत दिसलेलं यांत बरंच अंतर असतं.

"मग आपलं यकृत तर आहेच की," असं म्हणून काही जण मोकळे होतात. आहे, पण ते नेहमी शहाणपणानं वागतं असं नाही. क्लोरपायरीफॉस किंवा पॅराथिऑन यकृतात गेलं की सायटोक्रोम पी-450 हे विकर त्यातला गंधक काढून जागी ऑक्सिजन बसवतं. तयार होणारा रेणू मूळ औषधापेक्षा कितीतरी विषारी असतो. नसांमधलं अॅसिटाइलकोलिनएस्टरेज हे विकर तोच बंद पाडतो. त्यानंतर रक्तातलं पॅराऑक्सोनेज हे विकर तो मोडायला धावतं, पण ते प्रत्येकात सारखं नसतं आणि तान्ह्या बाळात फारच कमी असतं.

धुतलेल्या, पीएचआय पाळलेल्या द्राक्षातून एवढं विष पोटात जाईल अशी भीती मला वाटत नाही. मी स्वतः वाहत्या पाण्याखाली घड हातानं उलटसुलट करून धुते आणि मुलांना देते. भीती वाटते ती पाठीवर पंप घेतलेल्या माणसाची. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट उकाडा, घामानं भिजलेला सदरा. त्या माणसाच्या कातडीतून जे शिरतं त्याला किलोमागे मिलिग्रॅमची कुठलीच मर्यादा लावलेली नसते.

म्हणून कुणाच्या घरी बाग किंवा कपाशी असेल, तर धुण्याबद्दल मी एवढं आवर्जून सांगते. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. बादली वेगळी ठेवायची, हातमोजे घालून आधी भरपूर पाण्यातून काढायचे, मग साबण लावायचा आणि उन्हात वाळवायचे. औषध नुसतंच, पाणी न मिसळता सांडलं असेल तर तो कपडा धुवायचा नाही, टाकून द्यायचा. घराघरांत हे धुणं बहुतेक बायकाच करतात, उघड्या हातांनी, आणि त्यातल्या बऱ्याच जणी त्या दिवशी शेताकडे फिरकलेल्याही नसतात.