शिट्टी न मारणारा कुकर

गेल्या रविवारी साताऱ्याहून वहिनीचा फोन. "भाऊजी, दिवाळीला येताय ना? मग तिकडचा तो लाईटवरचा कुकर आणा की." मी पटकन नाही म्हणालो आणि ती जरा रुसलीच. असा फोन करणारी ती पहिली नाही, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो.

आधी साधी गोष्ट. कॅनडात घरातला लाईट १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. इथला कुकर नुसती पिन बदलून साताऱ्याच्या सॉकेटला लावला, तर पहिल्याच दिवशी जळायचा. ट्रान्सफॉर्मर घेता येतो, पण हजार वॅटचं ओझं पेलणारं ते धूड ओट्यावर ठेवणार कुठे? हवाच असेल तर २३० व्होल्टवाला तिकडेच घ्यावा. पण मुळात हवा का?

मी कॅल्गरीला निघालो तेव्हा आईने बॅगेत तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर कोंबला होता, आत माझे मोजे भरून. इथे भाड्याच्या घरात शेगडी कॉईलची. गॅसवर कसं, शिट्ट्या मोजल्या, नॉब फिरवला, विषय संपला. कॉईल मात्र बंद केल्यावरही बराच वेळ लालच. मी बंद करून बाजूला व्हायचो आणि मागून आणखी दोन शिट्ट्या. भाताचा पार गिचका. शेवटी फुसफुसणारा कुकर दोन्ही हातांनी उचलून शेजारच्या थंड कॉईलवर ठेवायची कसरत शिकलो. पुढे घर बदललं, तिथे इंडक्शन. त्यावर तर तो गरमच होईना, कारण इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असा तळ लागतो. आता त्यात मी बटाटे ठेवतो.

मग विजेचा घेतला. या कुकरचं वेड जगभर पसरवणारा इन्स्टंट पॉट मूळचा कॅनडाचाच, २०१० सालचा. माझा दुसऱ्याच कंपनीचा, सेलमध्ये मिळालेला.

पहिल्या दिवशी तुरीच्या डाळीला दहा मिनिटं लावली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. पोळ्या झाल्या, भाजी झाली, कुकर आपला ढिम्म. ती दहा मिनिटं आत पूर्ण दाब तयार झाल्यावर सुरू होतात, आणि शेवटी वाफ आपोआप जिरायला पुन्हा पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे वरणाला पाऊण तास! शिवाय आपल्या कुकरची शिट्टी दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाबाला उचलते, आत पाणी १२० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. विजेचे बरेचसे कुकर त्याहून कमी दाबावर चालतात, त्यामुळे तीच डाळ थोडी जास्त वेळ खाते.

मला धीर नव्हता. डाळ गच्च भरलेली असताना वाफेची कळ उघडली. पिवळा फवारा थेट घरमालकाच्या पांढऱ्या कपाटावर! हळद आहे ती, घासून घासून फिकी झाली, गेली नाही. घर सोडताना डिपॉझिटमधून किती कापतात ते बघायचं. (आता डाळ असली की कळीला हात लावत नाही.)

गौरीच्या जेवणाला याहून मोठी फजिती झाली. चार घरची माणसं जेवायला, पुरण माझ्याकडे. सवयीने हरभऱ्याच्या डाळीत भरपूर पाणी घातलं. पण हा कुकर शिट्टी मारत नाही, वाफ बाहेर जात नाही, घातलेलं पाणी जवळपास तेवढंच राहतं. कट इतका निघाला की आमटी दोन दिवस पुरली. तेही चाललं असतं. डाळ उपसताना मात्र मटणाचा वास आला. झाकणाची सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते आणि आदल्या शनिवारचं कालवण तिने इमानदारीने जपलं होतं. वेलची-जायफळ दुप्पट घालून वेळ मारून नेली. तेव्हापासून दोन रिंगा आहेत, मटणाची वेगळी.

आणि एक सांगायचंच आहे. या कुकरमध्ये दिवसभर मंद आचेवर शिजवण्याचं एक बटण असतं. राजमा किंवा आपल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा त्यावर कधीही लावू नका. या जातीच्या दाण्यात एक विषारी प्रथिन असतं. ते मरायला दाणे भिजवून, ते पाणी ओतून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळावे लागतात. मंद आच तिथवर पोचतच नाही, अर्धवट शिजलेल्या दाण्यांनी उलट्या-जुलाब होतात. दाबावर शिजवला तर काही प्रश्न नाही.

एवढं सगळं असून मी तो वापरतो, कारण त्याच्यापाशी उभं राहावं लागत नाही. उणे पंचवीसात दारातला बर्फ उपसायला गेलो तरी आत भात आपला आपण होतो आणि गरम राहतो.

वहिनीचं तसं नाही. तिला सकाळी नऊच्या आत दोन डबे भरायचेत आणि घरात गॅस आहे. तिने जाड तळाचा स्टीलचा पाच लिटरचा घ्यावा, उद्या इंडक्शन आलं तरी चालेल असा. एकावर एक भांडी लावली की वरण, भात, बटाटे एकदम. रिंग गेली तर कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळते. माझ्या कुकरचं सर्किट गेलं तर तो दुरुस्त करायला इथे कुणी नाही, नवाच घ्यायचा.

विजेचा घ्यायला हवा तो आईने. गेल्या महिन्यात ती कुकर लावून शेजारी गेली, गप्पांत रमली आणि पाणी आटून डाळीचा कोळसा झाला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणून निभावलं. हे मला वहिनीकडून कळलं, आईने अवाक्षर काढलं नव्हतं. मी विषय काढला तर म्हणते, "शिट्टीच नाही, मग शिजलं ते कळायचं कसं?"

तीन फोन झाल्यावर तह झाला. कुकर साताऱ्यातच घ्यायचा. त्याला चौदा बटणं असोत, पुतणी दोनच बटणांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देणार, बाकीच्यांना आजीने हात लावायचा नाही. आणि आईची अट अशी की त्यात फक्त भात होईल, डाळ तिच्या जुन्या कुकरमध्येच.

"आणि तेवढा वेळ मी शेजारी जाणार नाही," असंही म्हणाली. बघू.