दवाखान्यात नॉर्मल, घरी जास्त : रक्तदाबाच्या निदानाचा माझा अनुभव

नेहमीच्या तपासणीत माझ्या ईसीजीवर हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा स्नायू जाड झाला असावा, अशी शंका आली. असे बहुधा जास्त रक्तदाबामुळे होते; माझा रक्तदाब मात्र त्या दिवशीही नॉर्मलच भरला, आणि दवाखान्यात तो १४०/९० च्या पुढे गेल्याची नोंद माझ्या कागदांत कुठेही नव्हती. डॉक्टरांनी लगेच गोळी लिहून दिली नाही; काही जणांचा रक्तदाब दवाखान्यात ठीक आणि एरवी जास्त असतो, तेव्हा तो आधी घरी मोजू, असे त्यांनी सुचवले.

मनगटावरचे नव्हे, तर दंडावर पट्टा बांधायचे मशीन घ्यायचे आणि पट्टा दंडाच्या घेराला साजेसा निवडायचा, कारण तो लहान पडला तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो, हे मला तेथील परिचारिकेने नीट समजावून सांगितले. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळायचा, लघवीला जाऊन यायचे, पाठ टेकून व पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे न बोलता बसायचे, आणि हात हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवायचा. असे काही दिवस रोज सकाळी व संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढतात. घरच्या मोजणीसाठी मर्यादा १३५/८५ धरली जाते. माझी सरासरी त्याहून स्पष्टपणे जास्त निघाली. एखाद्या आकड्याने घाबरून किंवा निश्चिंत होऊन जाण्यापेक्षा ही सरासरी कितीतरी भरवशाची आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यानंतर चोवीस तास आपोआप रक्तदाब मोजत राहणारे मशीन कमरेला लावले. रात्री दंडावरचा पट्टा आवळला की झोप चाळवते, पण ही रात्रच सर्वांत महत्त्वाची ठरली. झोपेत रक्तदाब साधारणपणे १० ते २० टक्क्यांनी उतरतो. माझा जेमतेम उतरत होता. रात्री हा विसावा मिळाला नाही, तर हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांना धोका वाढतो. म्हणूनच डॉक्टरांनी घोरण्याबद्दल आणि दिवसा येणाऱ्या झोपेबद्दल बारकाईने विचारले, कारण झोपेत श्वास अडखळणे हे अशा रक्तदाबामागचे एक कारण असते. माझ्या बाबतीत ते आढळले नाही.

इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, स्नायूची जाडी पक्की झाली. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन यांच्या तपासण्या ठीक आल्या.

उपचारात मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आणणे अवघड गेले, कारण ते वरून घेतलेल्या मिठापेक्षा पाकीटबंद पदार्थांतून अधिक येत होते. आता मी पाकिटावरचे सोडियमचे प्रमाण वाचूनच वस्तू घेतो. पहिल्या गोळीने घोट्यांना सूज आली. ती गोळी मनाने बंद न करता मी डॉक्टरांना कळवले आणि त्यांनी औषध बदलले. नव्या औषधामुळे काही आठवड्यांनी पोटॅशियम व क्रिएटिनिन पुन्हा तपासावे लागले.

सध्या घरच्या सरासरीतला वरचा आकडा १३० च्या खाली आहे. रक्तदाब असाच आटोक्यात राहिला तर जाड झालेला स्नायू हळूहळू पूर्ववत होऊ शकतो, आणि ते पाहण्यासाठी पुढचा इको ठरलेला आहे.