एमएस्सी नर्सिंगचा थिसिस आणि तो नववा प्रश्न (माझा अनुभव)

सिनॉप्सिसवर (थिसिसच्या आराखड्यावर) मी टायटल लिहिलं होतं, "आईच्या नैराश्याचा लहान मुलांच्या वागण्यावर होणारा परिणाम". गाईड मॅडमनी "परिणाम" खोडून तिथे "संबंध" लिहिलं. म्हणाल्या, तू प्रत्येकीला एकदाच भेटणार, मग आई खचली म्हणून पोरगं हट्टी झालं की पोरगं रात्ररात्र झोपू देत नाही म्हणून आई खचली, हे तुला कुठून कळणार? तेव्हा वाटलं एका शब्दाने काय फरक पडतो. खूप पडतो. घरात, गावात "आईचंच लक्ष नाही" म्हणायला सगळे तयारच असतात, त्यावर आपण अभ्यासाचा शिक्का मारून द्यायचा का?

प्रश्नावली निवडताना बऱ्याच मुली सवयीने एडिनबर्ग स्केल (आईचं नैराश्य तपासायची प्रश्नावली) घेतात, पण ते १९८७ मध्ये बाळंतपणानंतरच्या काळासाठी बनवलेलं आहे आणि माझ्या अभ्यासातली मुलं अंगणवाडीत जाणारी, तीन वर्षांची. म्हणून आईसाठी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली घेतली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७, आणि १० किंवा जास्त आले की पुढे तपासणीला पाठवायचं. मुलांसाठी एसडीक्यू, म्हणजे मुलाचं वागणं मोजायचं स्केल, त्याचा २ ते ४ वर्षांसाठी वेगळा फॉर्म असतो, २५ वाक्यं. ते परवानगी न घेता स्वतः भाषांतर करून वापरता येत नाही, त्यामुळे सहा महिने आधीच मेल करायला लागा. आणि त्यातली पाच वाक्यं उलटी मोजायची असतात ("अगदी खरं"ला २ ऐवजी ०), मी एक्सेलमध्ये सरळच भरली होती, सगळं परत बसून केलं.

एथिक्स कमिटीकडून प्रपोजल परत आलं. शेरा एकच, पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नाला "हो" आलं तर काय करणार? हा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. मी नुसतं "रेफर करू" लिहिलं होतं. मग एक पानी प्लॅन केला, त्या क्षणी काय विचारायचं, फोन कुठल्या डॉक्टरांना करायचा, बाईसोबत कोण जाणार, तिला एकटं सोडायचं नाही, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून द्यायचा, तो फुकट आहे आणि मराठीतही बोलतात. तीन आठवडे गेले म्हणून तेव्हा राग आला होता खरं सांगते.

पायलटमध्ये (आधी करून बघितलेल्या छोट्या चाचणीत) कळलं की कागद हातात द्यायचा नाही, समोर बसून विचारायचं. "डिप्रेशन" शब्द काढला की "मला काय येड लागलंय का" म्हणून उठायच्या. त्या स्वतः म्हणतात जीव लागत नाही, डोकं जड होतं, लई चिडचिड होती, पोराला मारलं की मागनं रडू येतं. झोपेच्या प्रश्नाला तर सगळ्याच हो म्हणायला लागल्या, मग आम्ही नीट खोदून विचारायला शिकलो, बाळ झोपू देत नाही की बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नाही? दुसरं असेल तरच मार्क. शेजारी सासूबाई बसल्या असतील तर सगळी उत्तरं "नाही, बरं हाय". यावर उपाय अंगणवाडी सेविकाताईंनी काढला, "आजी, नातवाचं वजन बघायला चला" म्हणून त्या सासूबाईंना काट्याकडे घेऊन जायच्या आणि मला पंधरा मिनिटं मिळायची. पोषण आहार, रजिस्टरं, मोबाईलवरची नोंद एवढं सगळं असूनही त्यांनी हे केलं.

मुलांचा फॉर्म आईकडून आणि सेविकाताईंकडून असा दोनदा भरून घेतला, हे आवर्जून करा. एका आईने हट्ट, मारामारी सगळ्याला "अगदी खरं" सांगितलं आणि ताई म्हणाल्या, इथे तर गप बसून असतो पोरगं. खचलेल्या आईला मुलाचा त्रास जास्त जाणवत असेल, किंवा ते घरी खरंच वेगळं वागत असेल, दोन्ही शक्य आहे. म्हणून दोघींचे आकडे वेगळे ठेवले, सरासरी काढली नाही.

आणि एके दिवशी नवव्या प्रश्नाला एक आई हळूच म्हणाली, "रोजच येतं मनात". मी पेन खाली ठेवलं. काही ठरवलंय का, कसं, घरात काय आहे, हे सरळ विचारलं, हात थरथरत होते माझे पण पानावर प्रश्न लिहिलेले होते म्हणून विचारता आले. घरात कुणाला सांगू विचारल्यावर तिने बहिणीचं नाव घेतलं, सासरचं कुणाचं नाही. बहीण येईपर्यंत मी तिथेच बसले, डॉक्टरांशी फोन झाला, आणि त्याच दुपारी आम्ही तिघी जिल्हा रुग्णालयात गेलो. वाटेत ती एकदाच बोलली, "पोरगं हट्टी झालंय ते माझ्यामुळंच ना?" मी नाही म्हटलं, आणि मॅडमनी तो शब्द का खोडला ते मला त्या रिक्षात समजलं.

तिचा फॉर्म अर्धाच राहिला. मॅडमना विचारलं, परत जाऊन पुरा करू का? त्या म्हणाल्या, नमुना एकने कमी झाला तर होऊ दे. थिसिसमध्ये ती नाही.