ओव्हरक्लॉकनंतर डिस्प्ले गेला? आधी स्क्रीन नेमकी केव्हा काळी पडते ते बघा

ओव्हरक्लॉक केल्यावर, म्हणजे प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड ठरलेल्या वेगाच्या वर चालवल्यावर, डिस्प्ले गेला की बरेच जण लगेच मदरबोर्डचा सेल काढायला बसतात. त्याआधी एवढंच बघा: बटण दाबल्यापासून स्क्रीनवर काहीच येत नाही, की बोर्डाचा लोगो दिसतो आणि विंडोज चढताना अंधार होतो? पुढचं सगळं यावर ठरतं.

लोगो दिसत असेल तर रॅम आणि प्रोसेसर निदान चालू होण्याइतके तरी ठीक आहेत. संशय ग्राफिक्स कार्डावर घ्या. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधून वाढवलेले कार्डाचे क्लॉक (वेग) बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, नसतात, ते विंडोज सुरू झाल्यावर लागू होतात. म्हणून इथे सीमॉस क्लिअर करून, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणून, काही उपयोग नाही. विंडोज चढत असताना पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा झालं की रिकव्हरीची स्क्रीन येते. तिथून सेफ मोडमध्ये (गरजेपुरतंच चालणाऱ्या विंडोजमध्ये) जा आणि आफ्टरबर्नर काढून टाका. मॉनिटरचा रिफ्रेश रेट ताणला असेल तरी रस्ता हाच.

पहिल्यापासूनच काळोख असेल तर पहिला संशय रॅमवर. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारी बायोसमधली तयार प्रोफाइल) चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचा मूळ वेग ४८००च्या आसपास आणि व्होल्टेज १.१ व्होल्ट; पाकिटावरचा ६००० हा आकडा प्रत्येक प्रोसेसरला आणि बोर्डाला पेलेलच असं नाही, रॅमच्या चार स्टिक लावल्यावर तर आणखी अवघड. बोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असे चार बारीक दिवे असतील तर कुठला अडकून राहतो ते बघा. डीरॅमचा दिवा लागलाय म्हणून घाईने बंद करू नका. एएमडीच्या एएम५ सॉकेटचे बोर्ड नव्या सेटिंगनंतर रॅमचं ट्रेनिंग करतात, म्हणजे रॅमशी नीट जुळवून घेतात, आणि त्याला काही मिनिटं सहज लागतात. पंधरा मिनिटं थांबा. ठाण्यात पावसाळ्यात वीज डोळा मारते तेव्हा हे काम यूपीएसवरच करा, नाहीतर ट्रेनिंग अर्ध्यात तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

पंधरा मिनिटांनंतरही काही नाही? मग सीमॉस क्लिअर. भिंतीवरचं बटण बंद करा, पॉवर केबल काढा, कॅबिनेटचं पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. केबल लावलेली राहिली तर बोर्डाला स्टँडबायचे ५ व्होल्ट मिळत राहतात. आता मॅन्युअलमध्ये बघून सीएलआरटीसी किंवा जेबॅट१ नावाच्या दोन पिना शोधा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने १० सेकंद जोडून धरा. शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नका. पिना सापडत नसतील तरच सेल काढा आणि १० मिनिटं थांबा. सेल जुना असेल तर याच वेळी बदला. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल नौपाड्यात कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

क्लिअर केल्यावर दोन गोष्टी घाबरवतात. विंडोज बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, पण ओव्हरक्लॉकच्या आधीच फोनमध्ये ठेवणं शहाणपणाचं. दुसरं, काही इंटेल बोर्डांवर बायोसमधलं व्हीएमडीचं (डिस्क कशी हाताळायची याचं) सेटिंग पालटतं आणि विंडोज चढतच नाही. डिस्क गेली असं समजून फॉरमॅट मारू नका, आधी ते सेटिंग पूर्वीसारखं करा.

तरीही डिस्प्ले नाही, तर एकच स्टिक ए२ मध्ये लावा, म्हणजे चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. खाडीकाठच्या दमट हवेत, ऐरोली असो वा वाशी, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि कणभरही चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून केबल थेट बोर्डाला लावा. इंटेल प्रोसेसरच्या नावात एफ असेल, किंवा रायझन ५ ५६००एक्ससारखा प्रोसेसर असेल, तर बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही. तिथे दुसरं कार्डच लावून बघावं लागतं.

डिस्प्ले आला की पुन्हा तेच प्रोफाइल मारू नका. ६००० ऐवजी ५६०० वर या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. एएमडीच्या रायझन ७००० मध्ये एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) १.३ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका; २०२३ मध्ये प्रोसेसर जळल्याच्या तक्रारींनंतर एएमडीने ही मर्यादा बायोसमध्येच घातली, त्यामुळे त्याआधीचं बायोस असेल तर पहिलं ते अपडेट करा. जानेवारीत स्थिर वाटलेलं सेटिंग मे महिन्याच्या बंद खोलीत पुन्हा मेमटेस्टवर (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर) तपासा, तेही दुपारी, एसी न लावता.