टर्मिनल उघडेना

मंगळवार, रात्री पावणेबारा.

आज स्वतःच्या हाताने स्वतःची संध्याकाळ घालवली. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे (डेबियन या लिनक्सवर बेतलेली ऑपरेटिंग सिस्टिम), त्यात मुळात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.१० ही आवृत्ती. नव्या प्रोजेक्टला ३.११ हवा होता. एप्टने, म्हणजे उबुंटूच्या सॉफ्टवेअर टाकायच्या आज्ञेने, टाकला, मुकाट आला आणि ३.१० शेजारी जाऊन बसला. तिथेच थांबायला हवं होतं. पण दर वेळी ‘पॉइंट अकरा’ टाइप करायचा कंटाळा! एका नावामागची आवृत्ती बदलणारी अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज ही आज्ञा वापरून ‘पायथन३’ हे नावच ३.११ कडे वळवलं. जावाच्या बाबतीत वर्षानुवर्षं हेच करतोय, ८ काय नि १७ काय, कोणाचं काही अडत नाही.

मग टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, बंद केलं आणि ते पुन्हा उघडेचना. कंट्रोल-ऑल्ट-टी, काही नाही. चिन्हावर क्लिक, वर्तुळ जरा फिरलं आणि विरून गेलं. आईने दारातून विचारलं, ‘जेवायला येतोयस ना रे?’ म्हटलं, आलोच.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन केलं. एप्ट अपडेट चालवलं तर शेवटी रड: एप्ट-पीकेजी नावाचं मॉड्यूल (पायथनला जोडायचा तयार कोड) सापडत नाही. आणि टर्मिनल? उबुंटूत हा टर्मिनल (नाव जीनोम टर्मिनल) ज्या फाइलने सुरू होतो, ती पायथनचीच छोटी स्क्रिप्ट निघाली. पहिल्याच ओळीत पायथन३चा पत्ता!

डेबियनच्या घरात (आणि म्हणून उबुंटूच्याही) पायथन ३ च्या सगळ्या आवृत्त्यांना एप्टने आलेल्या मॉड्यूलांचं एकच सामाईक फोल्डर असतं, डिस्ट-पॅकेजेस. निव्वळ पायथनमध्ये लिहिलेलं मॉड्यूल बहुधा कुठल्याही आवृत्तीला चालून जातं. कंपाइल केलेल्या, म्हणजे आधीच मशीनच्या भाषेत बदललेल्या, फाइलच्या मात्र नावातच आवृत्ती कोरलेली असते. फोल्डर उघडून पाहिलं, तर एप्ट-पीकेजीच्या पुढे ठसठशीत ‘सीपायथन-३१०’. ३.११ तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. डेबियनवाले मुख्य पायथन बदलतात तेव्हा असली सगळी पॅकेजेस नव्याने बांधून घेतात, मधल्या काळात जुना-नवा दोन्ही सांभाळतात. मी ते एका ओळीत उरकायला निघालो होतो. जावा बदलून चालतं, कारण माझ्या मशीनचा एकही खांब जावावर उभा नाही.

डेबियन १२ आलं, २०२३ मध्ये, तेव्हा पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन) सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायला नकार दिला म्हणून मी किती चिडलो होतो. नकार डावलायच्या पर्यायाचं नावच ‘ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’. तेही वाचून दोनदा वापरला होता, हे इथे लिहून ठेवतो.

दुवा परत ३.१० ला जोडला, टर्मिनल टुणकन उघडलं. प्रोजेक्टसाठी ३.११ चं वेगळं व्हीएन्व्ह, म्हणजे सिस्टिमला न शिवणारं स्वतंत्र पायथनचं फोल्डर, करायला घेतलं, तर पुन्हा एरर. डेबियनवाले व्हीएन्व्हचं पॅकेज वेगळं ठेवतात, ते टाकायचं राहिलं होतं. टाकलं. आमटी तोवर गार झाली होती.