सिल्चेस्टर: गवताखालचं रोमन नगर

इंग्लंडमध्ये रेडिंगहून बेसिंगस्टोककडे जाणाऱ्या गाडीने मॉर्टिमरला उतरायचं आणि शेतांच्या कडेकडेने चालत सुटायचं. हॅम्पशायरमधलं सिल्चेस्टर असंच गाठावं. झाडी विरळ होते आणि अचानक चकमकीच्या दगडांचा तट समोर येतो.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला हा तट सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे आणि त्याचा वेढा अजून पुरा आहे. दर्शनी दगड पुढच्या पिढ्यांनी उचलून नेले. आपल्याला दिसतो तो आतला गाभा. तटावरून आत पाहिलं तर नुसतं कुरण. गायी चरतायत, पूर्वेच्या कडेला एक मध्ययुगीन चर्च. अट्रेबेट्स या इथल्या जुन्या टोळीची राजधानी, कॅलेव्हा, ती हीच.

आपल्याकडे जुनं गाव म्हटलं की पांढरीचं टेकाड डोळ्यांसमोर येतं. इथे उंचवटा जवळजवळ नाहीच. रोमन सत्ता गेल्यावर हे नगर ओस पडलं, आणि लंडनसारखं त्याच्यावर पुन्हा शहर वसलं नाही. म्हणून रस्त्यांची सगळी चौकट मातीखाली शाबूत राहिली. कोरड्या उन्हाळ्यात ती वरूनही ओळखू येते. भिंतींवर आणि खडीच्या रस्त्यांवर मातीचा थर पातळ, ओल कमी, तिथलं गवत आधी पिवळं पडतं. मी गेलो तेव्हा पाऊस बरेच दिवस नव्हता. एक फिकट सरळ पट्टा पायाखालून थेट पलीकडच्या तटाकडे गेलेला दिसला आणि मी रोमन रस्त्यावर उभा आहे हे कळलं. तिथून पाय निघेना.

१८९० ते १९०९ या काळात इथे जवळजवळ सबंध नगर उकरून नकाशा केला गेला. नकाशा अप्रतिम आहे, पण उकरणारे लोक दगडी पाये शोधत होते. लाकडी घरांच्या खुणा बऱ्याच निसटल्या. १९९७ पासून रेडिंग विद्यापीठाने रस्त्यांच्या मधला एकच चौकोनी तुकडा निवडला आणि तो वर्षानुवर्षं थराथराने उलगडला. तिथल्या एका विहिरीत ऑलिव्हची बी सापडली, तीही इ.स. ४३ च्या रोमन स्वारीच्या आधीची! धणे आणि शेपूही मिळाले. म्हणजे रोमन सैन्य यायच्या आधीच त्यांची चव इथल्या ताटात पोचली होती. मला हा शोध सोन्याच्या हंड्याहून मोठा वाटतो.

तटाबाहेरचं प्रेक्षागार झाडीत लपलंय, ते चुकवू नका. वस्तू मात्र रेडिंगच्या संग्रहालयात आहेत. १८६६ साली सापडलेला, पंख हरवलेला कांस्य गरुड तिथेच आहे. आधी तो सैन्याच्या निशाणाचा मानला गेला; आता एखाद्या मोठ्या पुतळ्याचा भाग असावा असं मानतात. त्याच्यापाशी गर्दी असते. मी मात्र जास्त वेळ विटा-कौलांपाशी थांबलो. ओली असताना वाळत घातलेली, आणि त्यांवरून कुत्री चालून गेलेली.